केरेडिग्यॉनमधला एक बंद पब आणि त्यातली फळ्यांची भिंत : एक प्रकरण अभ्यास

(गावाचं, पबचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत. कायदे आणि बांधकामाच्या गोष्टी आहेत तशाच.)

पार्श्वभूमी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याला केरेडिग्यॉन नावाची काउंटी आहे. तिच्या आतल्या डोंगराळ बाजूला, ताइवी नदीच्या खोऱ्यात, रस्त्याला अगदी चिकटून हा पब उभा आहे. समोरून साधं घरच वाटतं, वर तीन खिडक्या, खाली दोन आणि मधे दार, दोन्ही टोकांना धुराडी आणि वर स्लेटचं छप्पर. पाटी काढली तर इथं कधी कोणी दारू विकली असेल असं वाटणार नाही.

याला कारण आहे. १८३० च्या बिअर कायद्याने कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकाला वर्षाला दोन गिनी भरून घरातून बिअर विकायची सोय झाली, त्यामुळे ब्रिटनभर लोकांनी आपल्या पुढच्या खोलीतच धंदा थाटला. पब म्हणून मुद्दाम बांधलेली, टाइल्स आणि नक्षीकाम असलेली इमारत ही शहरातली गोष्ट, खेड्यातला पब म्हणजे बहुतेक वेळा शेतकऱ्याचंच घर. त्यात हा भाग गुरं हाकणाऱ्यांच्या वाटेवरचा. वेल्सची काळी गुरं इथून डोंगर ओलांडून इंग्लंडच्या बाजारात चालत जायची, लांबच्या चालीसाठी त्यांच्या खुरांना नाल मारत, आणि मुक्कामाला माणसांना बिअर आणि गुरांना बांधलेलं आवार लागायचं. मागचं मोठं दगडी आवार त्या काळातलं. रेल्वे आली आणि तो धंदा बसला, पण पब राहिला.

आत शिरलं की एक अरुंद बोळ. डावीकडे बारची खोली, उजवीकडे छोटी खोली, जिला तिकडे स्नग म्हणतात. बोळ आणि स्नगच्या मधे लाकडी फळ्यांची उभी भिंत, खोलीच्या बाजूने तिलाच जोडलेला उंच पाठीचा बाक, आणि बोळाच्या टोकाला ग्लास द्यायची एक सरकती खिडकी. काउंटर वगैरे काही नाही. पेम्ब्रोकशायरच्या ग्वाउन खोऱ्यातल्या डिफ्रिन आर्म्समधे जगमधून बिअर ओतून अशाच खिडकीतून देतात, ज्यांनी ते पाहिलंय त्यांना लगेच चित्र डोळ्यासमोर येईल.

मागच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि त्याची भिंत दगडाची नाही तर क्लोमची, म्हणजे माती, पेंढा आणि बारीक खडे तुडवून थरावर थर चढवलेली, खाली फक्त दीड-दोन फूट दगडी जोतं. या भिंतीत आवाराकडे उघडणारं एक दार आहे. १८८१ च्या कायद्याने वेल्समधे रविवारी पब बंद ठेवायची सक्ती झाली, चॅपलवाल्यांचा, म्हणजे दारूला विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांचा, जोर होता तेव्हा. १९६१ नंतर दर सात वर्षांनी मतदान घेऊन प्रत्येक भागाने आपलं ठरवायचं अशी सोय झाली तरी केरेडिग्यॉन बराच काळ कोरडंच राहिलं, आणि सगळ्यात शेवटी उत्तरेकडच्या द्वायव्होर जिल्ह्याने १९९६ मधे रविवार मोकळा केला. गावातली म्हातारी माणसं त्या मागच्या दाराकडे बोट दाखवून हसतात, बाकी तुम्ही समजून घ्या.

पब बंद पडला, काही वर्षं रिकामा राहिला, आणि एका नवरा-बायकोने राहायला म्हणून घेतला. तिथून आमच्या, जुन्या इमारतींची कामं करणाऱ्या ऑफिसचा संबंध आला.

अडचण

मालकांची मागणी सरळ होती. खालचा मजला मोकळा करून एकच मोठी खोली करायची, मागे मोठं किचन, शेकोटीत लाकडं पेटवायची आणि ओल घालवायची. इमारत ग्रेड दोनची लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीतली, आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी लिस्टमधली नोंद वाचली होती आणि तिच्यात फक्त दर्शनी भागाचं वर्णन होतं, शेवटी “आतून पाहणी केलेली नाही” असं एक वाक्य. त्यावरून त्यांनी, आणि त्यांनी आधी बोलावलेल्या बिल्डरनेही, असा अर्थ काढला की आत काय वाट्टेल ते करायला मोकळीक आहे.

हा गैरसमज इतका कॉमन आहे की थोडं थांबून सांगतो. वेल्समधे सुमारे ३० हजार लिस्टेड इमारती आहेत आणि त्यातल्या बहुतेक ग्रेड दोनच्याच. ग्रेड कुठलाही असो, संरक्षण आतल्या आणि बाहेरच्या सगळ्या इमारतीला लागू होतं, तिला जोडलेल्या वस्तूंना होतं, आणि आवारातल्या १ जुलै १९४८ च्या आधीच्या बांधकामांनाही. नोंदीत एखादी गोष्ट लिहिली नाही म्हणून ती संरक्षणाबाहेर जात नाही, ते वर्णन इमारत ओळखू यावी म्हणून असतं. परवानगीशिवाय वारसा बिघडवणारं काम केलं तर तो फौजदारी गुन्हा. आता ४ नोव्हेंबर २०२४ पासून वेल्सचा स्वतःचा ऐतिहासिक पर्यावरण कायदा लागू झालाय, पण हे मूळ तत्त्व तेव्हाही हेच होतं.

आम्ही पोचलो तोवर बिल्डरने स्नगमधल्या एका कोपऱ्यातलं प्लास्टरबोर्ड उचकटलं होतं. नशीब एवढंच, की ते प्लास्टरबोर्ड अलीकडचं होतं आणि मागची फळ्यांची भिंत शाबूत होती.

ओलीची गोष्ट वेगळीच निघाली. एका ओल-प्रतिबंधक कंपनीने मीटर लावून आकडे लाल दाखवले होते आणि सगळ्या भिंतींना भोकं पाडून केमिकल इंजेक्शन, वर सिमेंटचं वॉटरप्रूफ प्लास्टर असा इलाज सुचवला होता. तो मीटर मुळात लाकडासाठीचा, भिंतीतल्या क्षारांनीसुद्धा आकडा वर जातो. आणि क्लोमच्या भिंतीत इंजेक्शन कुठे देणार, ती माती आहे हो!

त्यात बाहेरून १९७० च्या सुमाराला सगळ्या इमारतीवर सिमेंटचा गिलावा फासलेला. दगडाची, मातीची जुनी भिंत पाणी पिते आणि वाऱ्याला सोडून देते, चुन्याचा गिलावा त्याच्या आड येत नाही. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. दगडी भिंतीत त्याने तुळयांची टोकं कुजतात, पण क्लोमच्या भिंतीत पाणी खाली जोत्यापाशी साठून माती पुन्हा चिखल होते आणि एक दिवस भिंत बसते. मागच्या भिंतीला आतून कमरेएवढ्या उंचीवर फुगवटा आला होता, हाताने दाबलं तर गिलावा ढोलासारखा वाजायचा.

पर्याय

पहिला पर्याय मालकांचाच, सगळं पाडून एक खोली. आम्ही कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे वारसा इमारतींचे अर्ज बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, अर्जाआधीच्या सल्ल्यासाठी बोलावलं, त्या आल्या, बोळात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मला या इमारतीचा दर्शनी भाग नेला तरी एक वेळ चालेल, हा बोळ नेऊ नका. थोडं वाढवून बोलल्या असतील, पण मुद्दा खरा होता. अशा पबमधे दारू पिणं हे छोट्या छोट्या खोल्यांत वाटलेलं होतं, गडी एका खोलीत, जरा बरे कपडे घातलेले दुसऱ्या, आणि घाईतला बोळातच उभा. नंतर सगळीकडे भिंती पाडून एकाच बारमागून सगळ्यांवर नजर ठेवायची पद्धत आली आणि ही रचना नाहीशी झाली. जुनी अंतर्रचना टिकून असलेले पब इतके कमी उरलेत की बिअरप्रेमींची कॅमरा ही संस्था, १९७१ मधे स्थापन झालेली, त्यांच्या खास याद्या ठेवते.

दुसरा पर्याय गावाचा. बैठक झाली तेव्हा काही लोकांनी विचारलं की आम्हीच विकत घेतला तर? वेल्समधे याला चांगली परंपरा आहे. लिथवाएनचा टॅव्हर्न अ व्हिक १९८८ पासून गावाच्या मालकीचा आहे, आणि लॅन्डुरॉगचा टिन लॅन २०१७ मधे बंद पडल्यावर गावाने शेअर्स विकून चार लाख पौंडांहून जास्त जमवले आणि २०२१ मधे विकत घेतला. पण इंग्लंडमधे गावाला पैसे जमवायला विक्री थांबवून सहा महिन्यांची मुदत मागता येते तशी तरतूद वेल्समधे लागूच केलेली नाही. इथे तर विक्री होऊन गेली होती. आणि बैठकीत हात वर करणारे आणि चेकबुक काढणारे यांच्यात जो फरक असतो तो इथेही होताच.

तिसरा पर्याय आमच्याकडून आला. पुढचा भाग, म्हणजे बोळ, बार, स्नग आणि ती सरकती खिडकी, आहे तसा ठेवायचा, राहण्याची सोय वर आणि मागे करायची, आणि वर्षातून काही संध्याकाळी बारची खोली गावासाठी उघडायची. त्याला पूर्ण लायसन्स लागत नाही, तात्पुरत्या कार्यक्रमाच्या नोटिशीवर एका जागेत वर्षाला १५ वेळा दारू विकता येते.

इमारत उचलून म्युझियममधे न्यायची असंही कोणीतरी सुचवलं. कार्डिफचं व्हल्कन हॉटेल असंच २०१२ मधे बंद झालं, वीट न् वीट सोडवून सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात नेलं आणि २०२४ मधे १९१५ सालच्या रूपात उघडलं. ते छानच झालंय, पण त्याला लागली एक तपाएवढी वर्षं, आणि व्हल्कनची जागाच विकासाच्या तोंडी गेली होती म्हणून तो शेवटचा उपाय होता. मातीची भिंत काही नंबर टाकून उचलता येत नाही. हा पर्याय आम्ही दहा मिनिटांत सोडला.

मालकीणबाई तिसऱ्या पर्यायाला सहजासहजी तयार झाल्या नाहीत, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. त्या म्हणाल्या, “घर आम्ही घेतलंय, हप्ते आम्ही भरणार, आणि सगळ्यात उजेडाच्या दोन खोल्या गावाच्या आठवणींना देऊन आम्ही मागे अंधारात स्वयंपाक करायचा?” याला वारशाच्या भाषेत उत्तर नाही. उत्तर नकाशात शोधावं लागलं. मागच्या आवारात १९६० नंतरचा एक टॉयलेट ब्लॉक होता, तो काढून त्याच जागी काचेचं छप्पर असलेली किचनची वाढ केली तर उजेडही मिळतो आणि जुन्या भिंतीला हात लागत नाही. तिथे त्यांचा सूर बदलला.

कुडाचं धुराडं

यात एक गोष्ट अशी झाली की सगळ्या योजनेला वळण लागलं. बारच्या खोलीत १९६० च्या दशकातली विटांची शेकोटी होती, वरच्या मजल्यावर तिच्या डोक्यावर एक तिरक्या पाठीचं कपाट. कपाटाची मागची फळी सैल होती म्हणून टॉर्च आत घातला तर दिसलं, काळं कुळकुळीत, हेझलच्या काटक्या विणून वर माती लिंपलेलं मोठं धुराडं, खाली रुंद आणि वर निमुळतं. कोकणातल्या कुडाच्या भिंतीला कोणी शंकूचा आकार द्यावा तसं. काटक्यांच्या मधे बोटांचे ठसे तसेच, काजळीचा थर वाळून चकाकत होता.

केरेडिग्यॉन आणि आसपासच्या भागात अशी धुराडी जुन्या घरांत असायची, पण विटांची चिमणी आल्यावर बहुतेक पाडली गेली. म्हणजे हे घर पब होण्याच्या आधीचं, आणि दर्शनी भागावर जी नीटनेटकी व्हिक्टोरियन खिडक्यांची रांग आहे तो नंतर चढवलेला चेहरा.

इथे खरा निर्णय होता. मालकांना शेकोटी पेटवायची होती. विटांची शेकोटी काढली तर मागे ओक लाकडाची जाडजूड तुळई आणि रुंद चूल उघडी होणार हे दिसत होतं, आणि पेटलेली चूल असलेला जुना पब हे तर सगळ्यांचं स्वप्न. पण वरचं धुराडं म्हणजे वाळलेल्या काटक्या आणि शतकभराची काजळी. स्टीलचा पाइप आतून नेऊन पेटवता येईल का हे तपासलं, तर पाइपचं अंतर ठेवायला धुराड्याचा वरचा भाग कापावा लागत होता, शिवाय विमा कंपनीने प्रश्नांची यादीच पाठवली. शेवटी ठरलं की ही चूल उघडी करायची पण पेटवायची नाही, आणि दुसऱ्या टोकाच्या विटांच्या चिमणीत लाकडाचा स्टोव्ह बसवायचा, जो स्नगमधे येतो. मालक अजूनही म्हणतात की चुकीच्या खोलीत ऊब आहे. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे आणि निर्णयही बरोबर आहे.

काय केलं

अर्जासोबत हेरिटेज इम्पॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. ते आम्ही खोलीवार लिहिलं, प्रत्येक खोलीत काय आहे, किती जुनं, काय बदलतंय आणि का. फळ्यांची भिंत राहिली. बोळ राहिला. मागच्या दारालाही हात लावला नाही, त्यातूनच आता किचनमधे जातात.

एक अडथळा भलत्याच बाजूने आला. जानेवारी २०२१ मधे नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी पर्यावरण संस्थेने संरक्षित नद्यांमधल्या फॉस्फेटच्या मर्यादा कडक केल्या, ताइवी त्यात आहे, आणि सांडपाणी वाढवणारे अर्ज अडकायला लागले. पबचा कायदेशीर वापर चालू असता तर जेवढं सांडपाणी गेलं असतं त्यापेक्षा घराचं कमी, हे आकड्यांनी दाखवून द्यावं लागलं. वास्तुरचनेशी काही संबंध नाही, वेळ मात्र भरपूर गेला.

मग वटवाघळं. माळ्यावर लांबकानी वटवाघळं पिल्लं घालायला येत होती. त्यांना त्रास देणं गुन्हा, परवाना लागतो, आणि पाहणी उन्हाळ्यातच करता येते. पिल्लं उडायला लागल्यावर, म्हणजे सप्टेंबरपासून, छपराचं काम करायचं. पण चुन्याचं काम थंडीत करता येत नाही, पारा ५ अंशांच्या खाली गेला तर चुना नीट धरत नाही, आणि ओला असताना गोठला तर भुगा होतो. म्हणजे छपराला हवा शरद, गिलाव्याला हवा वसंत-उन्हाळा. दोन्ही एकाच वर्षी कोंबायचा आग्रह बिल्डरचा होता कारण पहाड, म्हणजे कामाची परांची, एकदाच बांधावी लागते. आम्ही नको म्हटलं. पहिल्या शरदात स्लेट उतरवून, चांगल्या निवडून पुन्हा चढवल्या, वटवाघळांसाठी फटी ठेवल्या, आणि सिमेंटचा गिलावा फक्त मागच्या भिंतीचा, तोही खालचा पट्टाच, हाताच्या छिन्नीने काढला. मशीन लावलं असतं तर क्लोमही सोबत आलं असतं.

भिंत हिवाळाभर ताडपत्री आडोशाला ठेवून वाळू दिली. महिन्याला इंचभर हा ढोबळ हिशोब धरला तर दोन फुटी भिंतीला घाई करून चालत नाही. ओल मोजायला मीटर वापरला नाही, भिंतीतून नमुने काढून वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करून मोजली. वसंतात फुगलेला भाग टेकू देऊन काढला आणि त्याच मातीत पेंढा मिसळून वाळवलेले ठोकळे करून भरला. मग उरलेलं सिमेंट काढून सगळीकडे चुन्याचा गिलावा आणि वरून चुन्याची सफेदी. गवंडी तिथलाच, साठीचा माणूस, गिलावा मारून झाला की रोज संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून जायचा आणि सकाळी येऊन आधी हात लावून बघायचा.

काय झालं

मागची भिंत सुटली, नमुन्यांमधली ओल दुसऱ्या वर्षी स्पष्ट कमी दिसली. समोरच्या भिंतीचं पूर्ण यश नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत रस्ताच आतल्या फरशीपेक्षा वर गेलाय, पावसाचं पाणी भिंतीला लागतं, आणि तिथे चर खणायचा तर जागा रस्त्याची. आत खालच्या फूटभर पट्ट्यात चुना पोपडे धरतो, मालक दरवर्षी तो खरवडून नवा लावतात. केमिकलवाल्यापेक्षा ते स्वस्त पडतं असं त्यांचं म्हणणं.

खर्च अंदाजापेक्षा वर गेला. पहाड दोनदा, वटवाघळांचा परवाना, आणि व्हॅट. लिस्टेड इमारतीतल्या मंजूर बदलांना १ ऑक्टोबर २०१२ पर्यंत शून्य दर होता, आता २० टक्के, हे मालकांना बरंच उशिरा कळलं.

बारची खोली अधूनमधून उघडते. पहिल्या संध्याकाळी गर्दी झाली, नंतरच्या वेळी कमी. काही लोक म्हणतात हा पब नाही, कोणाच्या तरी घरी बोलावल्यासारखं वाटतं. १८३० नंतर पहिल्यांदा उघडला तेव्हाही बहुधा तसंच वाटत असणार.

वेगळं काय करता आलं असतं

वटवाघळांची पाहणी खरेदीच्याच उन्हाळ्यात झाली असती तर एक अख्खं वर्ष वाचलं असतं. जुना पब घेणाऱ्याने वकिलाच्या आधी माळा बघावा असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी बोलणं सौदा व्हायच्या आधी व्हायला हवं होतं. खालचा मजला मोकळा होणार नाही हे आधी कळलं असतं तर मालकांनी किंमत तशी बोलली असती, किंवा घेतलाच नसता, आणि तेही ठीकच.

गावाच्या बाबतीत माझं मत अजून पक्कं नाही. विक्रीची पाटी लागली त्या आठवड्यात गावाने गट केला असता तर अनुदानं होती, २०२१ मधे सुरू झालेला सामुदायिक मालकीचा निधी तेव्हा चालू होता, आता तो बंद झालाय. पण गावाने घेतला असता तर चालवण्यासाठी मोठी खोली लागली असती, आणि मग त्या फळ्यांच्या भिंतीवर सगळ्यात आधी त्यांचाच डोळा गेला असता. कॉन्झर्व्हेशन ऑफिसर याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते स्नग हाच त्या पबचा खपणारा माल होता.

धुराड्याची मोजमापं, फोटो आणि नकाशे ॲबरिस्टविथला, वेल्समधल्या जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या रॉयल कमिशनच्या संग्रहात जमा केलेत. लिस्टमधली नोंद मात्र अजून तीच जुनी आहे, आतून पाहणी केलेली नाही म्हणणारी. ती दुरुस्त करायची विनंती कॅडूकडे, म्हणजे वेल्स सरकारच्या वारसा खात्याकडे, पाठवायचं काम मालकांनी अंगावर घेतलंय.